घाम येऊ द्यायचा नाही : ऑस्लोच्या रानात दोन हटांमधला स्कीचा दिवस

बडोद्याच्या माणसाला घामाचं काही वाटत नाही. मे महिन्यात रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत चालत गेलं की सदरा पाठीला चिकटतो, घरी येऊन पंख्याखाली दहा मिनिटं उभं राहिलं की वाळतो. हीच सवय घेऊन मी फेब्रुवारीत ऑस्लोला गेलो आणि पहिल्याच चढावर फसलो. बाहेर उणे नऊ, अंगात तीन थर, वर जाडजूड जाकीट, आणि डोक्यात पावागढ चढून आल्याची मिजास. चढ संपला तेव्हा मी निथळत होतो. पाचच मिनिटांत तो घाम पाठीवर गार पडला आणि दात वाजायला लागले. दांडिया बाजारातला माझा शाळेपासूनचा मित्र आता तिकडेच स्थायिक आहे. तो मागून सावकाश आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘अरे, शांतीथी! गाडी चुकतेय का तुझी?’’

तुमचा भाऊ, भाची, मित्र कुणीतरी तिकडे असेल आणि हिवाळ्यात जायचा योग येत असेल, तर तीन-चार दिवस या खेळासाठी राखून ठेवा. पण आधी तयारी करा, आणि ती बडोद्यातूनच सुरू करा.

हा स्की वेगळा

स्की म्हटलं की आपल्याला गुलमर्ग आठवतं. पाळण्यातून वर जायचं आणि उतारावरून सुसाट खाली यायचं. क्रॉस-कंट्री स्कीत पाळणा नसतो. रानातून, गोठलेल्या तळ्यांवरून, चढ-उतार घेत आपल्या पायांनी जायचं. स्की लांब, अरुंद आणि हलके. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी, त्यामुळे पाऊल चालल्यासारखं उचलता येतं. उतारावर हीच मोकळी टाच आपला जीव खाते, पण ते पुढे.

ऑस्लोच्या उत्तरेला नॉर्डमार्का नावाचं मोठं रान आहे. तिथे हिवाळ्यात यंत्र फिरवून बर्फात दोन-दोन समांतर खाचा पाडतात. नॅरोगेजच्या रुळांसारख्या त्या दूरवर जातात आणि स्की त्यांत बसवून चालायचं. हे काम मुख्यतः स्कीफोरेनिंगेन ही संस्था करते. ती १८८३ सालची आहे. रानातल्या झाडांवर हिवाळी वाटांच्या खुणा लाल रंगाच्या असतात, उन्हाळी पायवाटांच्या निळ्या. बर्फात निळ्या खुणेमागे लागू नका. ती वाट कुठल्या ओढ्यात उतरेल सांगता येत नाही.

वाटेत हट, म्हणजे रानातली विसाव्याची घरं, लागतात. काही ठिकाणी नुसतं खाणंपिणं मिळतं, काही ठिकाणी मुक्कामही करता येतो. नॉर्वेच्या पर्यटन संघटनेची, १८६८ साली सुरू झालेल्या डीएनटीची, देशभर पाचशेहून अधिक अशी घरं आहेत. उंच पठारावरच्या हटांमध्ये आठवडाभर हिंडणारी माणसं वेगळी. त्यांना नकाशा, होकायंत्र, फावडं आणि हिमकड्यांची समज लागते. आपण त्या वाटेला जायचं नाही. आपल्यासाठी शहराच्या मेट्रोला लागून असलेलं रान बरं.

आमची वाट अशी होती. मेट्रोच्या १ नंबरच्या लायनीनं शेवटच्या स्थानकावर, फ्रोग्नरसेतेरेनला उतरायचं. ते ४६९ मीटर उंचीवर आहे. तिथून रानात शिरून कोबरहाऊग या डीएनटीच्या हटापर्यंत, तिथून उलेव्होलसेतेरला, आणि मग खाली सोग्न्सव्हान तळ्यापाशी उतरून ५ नंबरच्या लायनीनं घरी. तळं १८३ मीटरवर आहे, म्हणजे दिवसाचा हिशोब एकंदरीत उताराच्या बाजूनं. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. नवख्याला हे जास्तच आहे. पायाखाली दोन-तीन दिवसांचा सराव नसेल तर कोबरहाऊग गाळा आणि सरळ उलेव्होलसेतेरमार्गे उतरा. काही किलोमीटर वाचतात आणि अब्रूही. दोन्ही ठिकाणं रोज उघडी असतातच असं नाही, तेव्हा वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या. बंद दारासमोर उभं राहून खाल्लेला थेपला गोड लागत नाही.

आधी बडोद्यात

दोन महिने आधी सुरुवात करा. पावागढला पायऱ्यांनी जा, रोपवेनं नाही, आणि पाठीवर पाच किलोंची पिशवी घ्या. पण दम कमावणं एवढंच काम नाही. या खेळात एका पायावर सगळा भार टाकून घसरायचं असतं, मग दुसऱ्यावर. बहुतेक नवखे दोन्ही पायांवर निम्मा-निम्मा भार ठेवतात, म्हणून घसरतच नाहीत; नुसते फरफटत चालतात.

इथे आपल्याला एक फायदा आहे, तो मला तिकडे गेल्यावर कळला. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळलेल्या माणसाच्या अंगात भार बदलणं मुरलेलं असतं. पाऊल टाकलं की कंबर त्या पायावर येते, मग टाळी, मग दुसरा पाय. मित्र मला अर्धा तास ‘‘वजन पुढच्या पायावर टाक’’ म्हणून समजावत होता आणि मला काही उमगत नव्हतं. शेवटी वैतागून तो म्हणाला, ‘‘दोन ताळी खेळतोस ना? तसंच. फक्त गोल फिरू नकोस.’’ त्यानंतर जमलं. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत घरातल्या घरात गरब्याची पावलं घाला, हळू लयीत, प्रत्येक पावलाला एका पायावर दोन सेकंद थांबून. शेजारी हसतील. हसू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. त्या विम्यात स्की चालतं की वगळलंय, ते बारीक अक्षरांत वाचा. आणि युरोपबाहेरून तिकडे दुधा-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे इथेच वाटून टाका. सुखडी न्यायची असेल तर गूळ घेऊन जा आणि तिकडच्या लोण्याचं तूप कढवून तिथेच करा.

कपडे

इथे वेळ घालवा, कारण दिवस बिघडतो तो इथेच.

सुती कपडा अंगाला लागता कामा नये. गंजीफ्रॉक नाही, सुती मोजे नाहीत, जीन्स तर नाहीच. सूत घाम पितं आणि धरून बसतं. ओल्या सुतात ऊब राहत नाही. आतला थर लोकरीचा हवा, पातळ मेरिनो लोकर उत्तम. ती ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते आणि दिवसभर घातली तरी वास मारत नाही. त्यावर एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचा थर. सर्वांत वर वारा अडवणारं पातळ जाकीट, ज्यातून वाफ बाहेर जाईल असं. बडोद्याहून ‘थंडीसाठी’ म्हणून घेतलेलं फुगीर जाकीट घालून चालायचं नाही. ते पिशवीत ठेवायचं आणि थांबल्यावर घालायचं. मी नेमकं उलटं केलं होतं.

खूण सोपी आहे. घरातून निघून स्कीवर उभं राहिल्यावर पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झाले. चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधी चेन उघडा, टोपी काढून कानपट्टी लावा. चढ संपल्यावर करू म्हणाल तर उशीर झालेला असतो. आणि थांबायचं ठरलं की पहिल्या मिनिटाला फुगीर जाकीट अंगावर. गप्पा, फोटो, पाणी सगळं नंतर.

पिशवीत एक कोरडी लोकरी गंजी, कोरडे मोजे आणि हातमोज्यांची दुसरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. हातमोजे बोटं एकत्र राहणारे बरे. सुट्या बोटांचे लवकर गारठतात. शिवाय डोक्याला लावायची बॅटरी, चिकटपट्टी, थर्मास, शिटी आणि बर्फावर घडी घालून बसायला फोमचा तुकडा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. उणे दहा तापमानात ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. आणि वारा पडलेला असला तरी उतारावर तुम्ही स्वतःच वारा तयार करता, हे लक्षात राहत नाही.

स्की, बूट आणि मेण

हे सगळं भाड्यानं घ्या. क्लासिक प्रकारचे स्की मागा. ते तुमच्या उंचीपेक्षा साधारण वीतभर लांब असतात, पण वजन जास्त महत्त्वाचं. स्की मधोमध कमानीसारखा वाकलेला असतो. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभं राहिलं की कमानीखाली कागद सरकला पाहिजे. एका पायावर सगळा भार दिला की तो कागद अडकला पाहिजे. दुकानात ही परीक्षा करून घ्यायला लाजू नका. काठ्या काखेच्या जरा वर, खांद्यापर्यंत. बूट जाड मोज्यांसकट घालून बोटं हलवून पाहा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय गारठतात. मी बाटाच्या मापानं मागितले होते, दुसऱ्या दिवशी बदलून आणावे लागले.

त्या कमानीच्या भागाखाली पकड हवी. पाय मागे ढकलताना तिनं बर्फ धरायचा आणि घसरताना सोडायचा. ही पकड तीन तऱ्हांनी मिळते. स्कीच्या तळाला माशाच्या खवल्यांसारखे कोरलेले खवले असतात, किंवा मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, पट्टी चिकटवलेली असते, किंवा मेण लावावं लागतं. नवख्यानं पट्टीचे घ्यावेत, डोक्याला ताप नाही. माझा मित्र मात्र मेणवाला, आणि त्या मेणाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेणाच्या कांड्या रंगावरून ओळखायच्या. कडक थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, शून्याच्या जवळपास जांभळं, त्याच्यावर तापमान गेलं की लाल. वितळून पुन्हा गोठलेल्या जुन्या बर्फाला क्लिस्टर नावाची नळीतली चिकट लापशी लागते. ती एकदा जाकिटाला लागली की जाकीट तिचं झालं म्हणायचं.

त्या सकाळी स्थानकाबाहेर मित्रानं स्की उलटे धरले, मूठभर बर्फ उचलून दाबला. बर्फ भुरभुरला, गोळा झाला नाही. तो म्हणाला, ‘‘निळं.’’ मग कांडी पायाखालच्या तेवढ्याच भागावर फिरवली, खडूनं फळ्यावर रेघा ओढाव्यात तशी, आणि बुचाच्या तुकड्यानं घासायला लागला. घासून घासून रेघा गेल्या, तळ चकचकीत झाला. पुन्हा पातळ थर, पुन्हा घासणं. असे चार थर. मी म्हटलं, ‘‘एकदाच जाड लाव की.’’ तो म्हणाला, ‘‘जाड लावलं की बर्फ चिकटतो, मग पायाला विटा बांधल्यासारखं होतं. आईच्या पोळीला तूप आठव, नुसता हात फिरवायची.’’ दुपारी पाय मागे निसटायला लागले तेव्हा त्यानं तोच भाग थोडा पुढे वाढवला. तरी निसटले तर एक रंग वर जायचं.

पाऊल

पहिले दोन दिवस सपाट जागेवर काढा. एक दिवस काठ्या न घेता. काठ्या हातात आल्या की माणूस हातांनी ओढायला बघतो आणि पाय शिकतच नाहीत.

चालण्यासारखंच उजवा हात आणि डावा पाय बरोबर. गुडघे आणि घोटे सैल, अंग किंचित पुढे, नजर पायाकडे नाही तर दहा-पंधरा पावलं पुढे. एका पायानं खाली दाबत मागे ढकला, दुसऱ्यावर पूर्ण भार टाका आणि घसरू द्या. घसरणं संपायच्या आत दुसरा पाय. सौम्य उतारावर दोन्ही काठ्या एकदम टेकवून पोटाच्या जोरावर पुढे जायचं. तेव्हा पायांना सुट्टी.

चढ तीव्र झाला की खाचांतून बाहेर या. स्कीची टोकं बाहेरच्या बाजूला उघडा, मागच्या बाजू जवळ, आणि आतल्या कडांवर बदकासारखं चढा. बर्फावर माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. इथेच घाम फुटतो. लहान पावलं टाका आणि बोलत राहा. वाक्य पुरं बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. आम्ही दोघांत ठरवलं होतं की चढावर पुढे हळू चालणारा राहील, म्हणजे मी. तगडा माणूस पुढे असला की मागचा त्याला गाठायच्या नादात घामेजतो, आणि पुढचा वळणावर वाट बघत थंड पडतो. दोघांचंही नुकसान. मित्रानं लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात दंड-बैठका मारलेल्या, दम अजून शाबूत; त्याला माझ्यामागे रखडणं जड गेलं. पण गेला.

उतारावर खाचा सोडा आणि नांगर धरा. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, गुडघे वाकलेले, आतल्या कडांवर दाब. जितका दाब तितका आवर. वेग हाताबाहेर जातोय वाटलं तर बाजूला, कुल्ह्यावर बसा. हात मागे टेकू नका, मनगट जातं. पडल्यावर आधी वाटेतून बाहेर सरका, मागून येणारा थांबू शकत नाही. मग दोन्ही स्की उताराला आडवे आणि समांतर करा, गुडघ्यांवर या आणि उठा. उतार फारच अंगावर येत असेल तर स्की काढून कडेनं चालत उतरा. तिथली सत्तरीतली आजी शेजारून सपकन जाईल आणि ‘हाय’ म्हणेल, त्याला इलाज नाही. उजव्या बाजूनं चालायचं, थांबायचं तर खाचांच्या बाहेर, आणि बूट घातलेल्या पायांनी खाचांवरून चालायचं नाही; पाऊल पडलं की खाच मोडते.

हटात

फेब्रुवारीच्या शेवटी ऑस्लोत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो. डिसेंबरात सव्वातीनलाच अंधार, तेव्हा हा बेत करू नये. आम्ही दहाला निघालो. नवख्याचा वेग तासाला चार किलोमीटर धरा, थांबे वेगळे. दोन वाजेपर्यंत उलेव्होलसेतेर गाठता आलं नाही तर तिथे बसायचं नाही, असं आधीच ठरलेलं होतं. हट बघितला की माणूस विरघळतो आणि घड्याळ विसरतो. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, त्यांतला आठवा सांगतो की वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही. गिरनार-पावागढवाल्यांना ‘आता आलोच आहोत तर’ या रोगावर औषध म्हणून तो चांगला आहे.

दाराशी पोचलात की स्की आपटून बर्फ झाडा आणि दोन्ही रॅकला किंवा बर्फात उभे खोचा. आडवे टाकलेले स्की लोक तुडवतात, शिवाय बूट अडकवायच्या बाइंडिंगमध्ये बर्फ भरतो. आत गेल्यावर सगळ्यात आधी घामेजली गंजी बदला. लाजायचं काही नाही, सगळे तेच करतात. ओले हातमोजे शेगडीजवळ वाळत घाला, पण शेगडीवर नाही.

खायला वाफाळती वाफल, त्यावर जाम आणि तपकिरी गोडसर चीज. वाफलमध्ये अंडं असतं आणि सूप बहुतेकदा मांसाच्या रशात केलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या. दालचिनीचा बन आणि काळ्या मनुकांसारख्या बेरीचं गरम गोड सरबत मिळतं, ते सरबत मी तीन वेळा घेतलं.

तरी स्वतःचं खाणं बरोबर हवंच. दर पाऊण तासाला थोडं तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट न बघता. सुखडी मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. उणे नऊत तूप असं थिजलं की तुकडा स्कीच्या कडेवर आपटून फोडावा लागला. थेपले मात्र जाकिटाच्या आतल्या खिशात होते, नरमच्या नरम राहिले आणि छातीला शेकही मिळाला. पाणी उलट्या बाटलीत ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बुचाचं तोंड मोकळं राहतं. थंडीत तहान कळत नाही, म्हणून आठवणीनं प्या.

एकमेकांचं तोंड

बरोबर मित्र हवा तो गप्पांसाठी, आणि आणखी एका कामासाठी. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही. दर अर्ध्या तासानं थांबून एकमेकांचे गाल, नाक, कानांच्या पाळ्या बघा. पांढरा मेणचट डाग दिसला आणि तिथे बोट लावलेलं कळत नसेल तर तो हिमदंश सुरू झाल्याचा इशारा. बर्फ चोळायचा नाही, रगडायचंही नाही. गरम तळवा नुसता ठेवायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, आणि रंग परत आल्याशिवाय हलायचं नाही. बोटांना मुंग्या येणं चांगलं. मुंग्या थांबून बधिर होणं वाईट. माझ्या डाव्या गालावर रुपयाएवढा डाग मित्राला दिसला. मला त्याचा पत्ताच नव्हता.

कुणी अडखळायला लागला, शब्द जड झाले, हातमोजा घालायचा कंटाळा करायला लागला, तर त्याला थंडी चढतेय असं समजा. कोरडे कपडे, गोड गरम पेय, आणि जवळचा हट. पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर ११२ हा नंबर; रुग्णवाहिकेसाठी ११३. आणि निघतानाच घरी कुणालातरी वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवा.

उलेव्होलसेतेरहून सोग्न्सव्हानपर्यंतचा साडेपाच-सहा किलोमीटरचा रस्ता बराचसा उताराचा आहे. दुपारनंतर ऊन गेलं की त्यावर काच धरते, आणि पाय तर थकलेले. तिथे घाई नको. निघण्याआधी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावा. आता घाम नाही, वारा आहे. आम्ही दर दोन वळणांनी थांबत, नांगर धरत उतरलो. मी चार वेळा बसलो, त्यांतला एकच बेत करून.

तळ्याकाठी पोचल्यावर स्की झाडून पट्ट्यानं बांधा आणि मेट्रोत उभे धरा. घरी गेल्यावर बूट हीटरवर ठेवायचे नाहीत, चिकटवलेले जोड सुटतात. आतलं अस्तर ओढून काढा आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झोपण्यापूर्वी एकदा बदला. माझे थेपले ज्यात बांधून आणले होते तो बडोद्याचा पेपर त्या कामी आला. सकाळी बूट कोरडे ठणठणीत होते, फक्त मेथीचा वास येत होता.